ठाण्याला गेलेली थोरली: चर्चची नोंदवही, प्रोबेट आणि वेड्यांच्या इस्पितळाचे कागद यांतून घराण्याचा माग कसा काढावा

माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं: "ती लहानपणीच गेली." पण संध्याकाळच्या रोजरीनंतर आजी मेलेल्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना म्हणायची, त्यात या बहिणीचं नाव कधी आलं नाही. आमच्याकडं दोन दिवसांचं मूल गेलं तरी त्याचं नाव प्रार्थनेत राहतं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिला शोधताना तीन प्रकारच्या कागदांशी माझी गाठ पडली: चर्चच्या नोंदवह्या, कोर्टातली प्रोबेटची (मृत्युपत्र कोर्टात शाबीत करून घेण्याची) प्रकरणं आणि मानसिक रुग्णालयाचे कागद. यांतलं काहीही वंशावळ काढायची म्हणून लिहिलेलं नाही. फादरला संस्काराचा हिशेब ठेवायचा होता, कोर्टाला मालमत्तेचा आणि डॉक्टरला खाटांचा. म्हणूनच घरच्यांनी झाकून ठेवलेली गोष्ट यांतल्या कुणीतरी सहज लिहून ठेवलेली असते. एक कागद गप्प बसला की दुसऱ्याला विचारायचं, एवढीच या कामातली खुबी. मी वसईचा, त्यामुळं उदाहरणं वसई-मुंबईची आहेत. गोव्याबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथले कागद निराळे.

आधी घर धुंडाळा

कुठंही अर्ज करण्याआधी घरातले म्हातारे, जुनी प्रार्थनापुस्तकं, कुणी गेल्यावर महिन्यानं होणाऱ्या मिस्साची कार्डं, दफनभूमीतल्या पाट्या आणि पेटीतले सरकारी कागद बघा. प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पुष्कळदा मुलांचे जन्मदिवस लिहिलेले असतात.

आमच्या भागात आडनावावर विसंबून चालत नाही. एका गावात पाच-सहा आडनावांत सगळी वस्ती. डिमेलो, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज घेऊन वहीत शोधायला बसलात तर अख्खं गाव तुमचं नातेवाईक निघेल. म्हणून घराचं टोपणनाव, आळीचं किंवा पाड्याचं नाव आणि नवरा-बायको दोघांची नावं हाताशी ठेवा. घरात हाक मारायचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव यांचा तर काही वेळा संबंधच नसतो. स्पेलिंगचा आग्रह सोडा. आजचं दाब्रे हे मूळचं 'द आब्रेउ', आणि एकाच बापाच्या चार मुलांची आडनावं चार फादरांनी चार प्रकारे लिहिलेली मी पाहिली आहेत.

वहीत एका माणसाला एक पान द्या. पानाच्या डाव्या बाजूला 'घरचं म्हणणं' आणि उजव्या बाजूला 'कागदाचं म्हणणं'. दोन्ही जुळवून एक करायची घाई नको. माझ्या वहीत थोरलीच्या पानावर डावीकडं 'लहानपणी गेली' एवढंच होतं आणि उजवीकडं बरेच महिने काहीच नव्हतं.

कुठल्या चर्चची वही, हे आधी ठरवा

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवायचा नियम केला. मृत्यूची वही १६१४ च्या विधिग्रंथानं रूढ केली. वसई तर १५३४ पासून पोर्तुगीजांकडं. मग चारशे-साडेचारशे वर्षांची नोंद मिळायला हवी, असा हिशेब आपण मांडतो. तो फसतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या धामधुमीत आणि नंतर ओस पडलेल्या चर्चांबरोबर पुष्कळ कागद गेले. वह्या अखंड कुठून मिळतात हे प्रत्येक चर्चमध्ये विचारूनच कळतं. वाळवी आणि पावसाळा यांनीही आपला वाटा उचललेला असतोच.

दुसरी भानगड अधिकाराची. मुंबईत १७९४ पासून दोन कॅथलिक सत्ता शेजारीशेजारी नांदत होत्या: पाद्रोआदोची, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची, आणि प्रोपागांदाची, म्हणजे थेट रोमच्या धर्मप्रसार मंडळाची. एकाच वस्तीत दोन चर्च, एकाच घरातले दोन भाऊ दोन ठिकाणी. वसई आणि साष्टी १८८६ पासून दमणच्या धर्मप्रांतात होते. १९२८ साली ही दुहेरी व्यवस्था संपून मुंबईचा एकच धर्मप्रांत झाला आणि १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत निघाला. तेव्हा मुंबईतल्या माणसाची नोंद जवळच्या चर्चमध्ये सापडली नाही, तर त्याच मोहल्ल्यातलं दुसरं जुनं चर्च बघा. शिवाय आजचं तुमचं धर्मग्राम १९५० नंतर फुटून निघालेलं असेल, तर पणजोबांची नोंद त्याच्या मातृचर्चमध्ये असणार.

इथं एक धोक्याची सूचना. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या हिंदुस्थान खात्याचे, कागद आहेत. त्यांत मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नकला १७०९ पासून १९४८ पर्यंत आहेत आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्या शोधताही येतात. आपली मंडळी हौसेनं वर्गणी भरून तिथं वसईचे पूर्वज शोधतात. त्या नकला प्रामुख्यानं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या. घरात कुणी गोरा शिपाई किंवा रेल्वेतला अँग्लो-इंडियन असेल तरच पैसे खर्चा.

वही उघडल्यावर

प्रमुख धर्मगुरूंना आधी पत्र लिहा: कोण हवंय, अंदाजे कुठली पाच-दहा वर्षं आणि कशासाठी. रविवार, लग्नसराई, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आणि नाताळचा आठवडा टाळा. वही बघू देणं ही त्यांची मेहरबानी आहे, तुमचा हक्क नाही. फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि देणगीची पावती घ्या.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दाखला मागणं. दाखल्याच्या छापील कागदावर नाव, तारीख, आई-बाप येतात आणि बाकीचं गळतं. मूळ नोंद डोळ्यांनी बघायला मागा.

वसईत १९२८ पर्यंतच्या बऱ्याच नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत, काही लॅटिनमध्ये, पुढं इंग्रजी आणि मराठी. घाबरू नका. दोनशे नोंदींचा साचा एकच असतो, म्हणून वीसेक शब्द आले की काम भागतं. 'आउश' म्हणजे अमुक तारखेला. 'बातिझेय' म्हणजे मी बाप्तिस्मा दिला. 'नाशेउ' म्हणजे जन्मला, 'ओंतें' म्हणजे काल. 'फील्या लेजीतिमा' म्हणजे विवाहातून झालेली मुलगी, 'पाय इनकॉग्नितु' म्हणजे बाप अज्ञात. 'नेता पातेर्ना' दिसलं की हरखून जा, कारण त्यापुढं बापाच्या आई-वडिलांची नावं येतात आणि एका नोंदीत तीन पिढ्या मिळतात. 'पाद्रीन्युश' म्हणजे धर्ममातापिता. तेही लिहून घ्या, कारण बहुधा ते मामा, आत्या किंवा चुलतेच असतात. आईचं माहेरचं गाव धर्मपित्याच्या पत्त्यावरून मला दोनदा सापडलं.

महिन्यांची एक गंमत माहीत नसेल तर दोन महिन्यांचा घोळ होतो. '७' लिहून पुढं 'ब्रो' किंवा 'ब्रिस' असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्तेम म्हणजे सात. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर.

आता समासाकडं या. १९०८ च्या ईस्टरपासून रोमच्या आदेशानं नियम झाला की, माणूस कुठंही लग्न करो, ती बातमी त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायची आणि तिथल्या समासात लिहायची. म्हणजे १८९० साली वसईत जन्मलेल्या मुलीचं लग्न १९११ साली माझगावला झालं, तर त्याचा पत्ता वसईच्या वहीत असायला हवा. काही फादर मृत्यूनंतर समासात क्रूसही काढून ठेवत.

थोरलीची नोंद मला १९१२ च्या वहीत सापडली. तिच्या पाठच्या चारही भावंडांच्या समासात लग्नाच्या ओळी होत्या. तिचा समास कोरा. कोरा समास म्हणजे लग्न झालंच नाही, असं छातीठोक म्हणता येत नाही. कळवायचं राहून गेलेलंही असतं. म्हणून मी पुढची वीस वर्षांची मृत्यूची वही पान न पान वाचली. दोन दुपारी गेल्या. त्यात ती नव्हती. लहानपणी गेलेली मुलगी गावच्या दफनाच्या वहीत नाही, याचा अर्थ ती लहानपणी गेलेली नाही, किंवा गावात गेलेली नाही. नसलेली नोंद हासुद्धा पुरावा असतो, फक्त किती वर्षं आणि कुठली वही तपासली ते लिहून ठेवायचं.

मृत्यूच्या वहीतले दोन शब्दप्रयोग ओळखून ठेवा. 'कों तोदुश उश साक्रामेंतुश' म्हणजे सगळे संस्कार घेऊन मेला, म्हणजे आजारपण होतं आणि फादरला बोलवायला वेळ मिळाला. 'सें साक्रामेंतुश' म्हणजे संस्कारांविना: अचानक, अपघातानं किंवा घरापासून दूर. १८९६ ला मुंबईत प्लेग आल्यानंतरची आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाची पानं नोंदींच्या दाटीवरूनच ओळखू येतात.

लग्नाच्या वहीत 'दिस्पेन्सा' शब्द शोधा. जवळच्या नात्यात लग्न असेल तर बिशपची सूट लागे, आणि नातं कितव्या पायरीचं तेही लिहिलं जाई. त्यावरून नवरा-नवरीचा समान पूर्वज काढता येतो.

कोर्ट

चर्चनं हात टेकले की मालमत्तेकडं वळा. मुंबईत मृत्युपत्रांचं काम १७२६ च्या सनदेनं आलेल्या मेयर्स कोर्टापासून चालत आलंय. पुढं १७९८ चं रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट आणि १४ ऑगस्ट १८६२ पासून उच्च न्यायालय. ख्रिस्ती कुटुंबांना १८६५ चा वारसा कायदा आणि नंतर १९२५ चा कायदा लागू होता, आणि मृत्युपत्राच्या आधारे हक्क शाबीत करायला प्रोबेट लागे. हिंदूंच्या मृत्युपत्रांना मुंबई शहरात १८७० च्या कायद्यानं हाच नियम लागला. मुंबईतल्या पाठारे प्रभू, भाटिया, सोनार घराण्यांच्या शोधातही हा कागद तेवढाच कामाचा आहे.

नुसतं मृत्युपत्र मागू नका. अख्खं प्रकरण मागा. अर्जात मृत्यूची तारीख, ठिकाण, राहण्याचा पत्ता आणि जवळच्या वारसांची यादी असते, वय आणि नात्यासह. सोबत साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र असतं आणि दोन परिशिष्टं असतात. 'अ' मध्ये मालमत्ता, 'ब' मध्ये कर्ज आणि दफनाचा खर्च. परिशिष्ट 'अ' वाचताना घर डोळ्यांपुढं उभं राहतं: चाळीतली खोली, पोस्टातलं खातं, एक घड्याळ, वापरलेलं फर्निचर किंमत अमुक. मृत्युपत्र नसेल तर 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन'चं प्रकरण शोधा. वारसांची यादी त्यातही असते.

शोध वर्ष आणि आडनाव यांवरून लागतो. अर्ज बहुधा मृत्यूनंतर वर्षभरात होतो, पण भावाभावांत बिनसलं असेल तर दहा वर्षांनीही. मृत्यूच्या सालापासून पुढं सरका. जुन्या नोंदींच्या शोधासाठी एखाद्या वकिलाचा सराईत कारकून गाठला तर हेलपाटे वाचतात. मुंबईबाहेरची मालमत्ता असेल तर जिल्हा न्यायालय. वसई आज पालघर जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीचं सगळं ठाणे जिल्ह्याचं, हे अर्जात लक्षात ठेवा.

मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या बुक नंबर ३ मध्ये असतं. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्याला मिळत नाही, तो गेल्यावर मिळते. म्हणून मृत्यूचा दाखला सोबत न्या. खरेदीखतं बुक १ मध्ये असतात, आणि त्यांची सूची, म्हणजे 'इंडेक्स टू', सगळ्यांनाच ठाऊक आहे.

पण शेतकऱ्याच्या घरी प्रोबेट कोण करणार? तिथं फेरफार. गरिबाचं प्रोबेट म्हणजे वारस फेरफार. खातेदार कधी मयत झाला, वारस कोण, कोणत्या मुलीनं हक्कसोड दिला. जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. यादीत मुलीचं नाव नाही म्हणजे मुलगी नव्हती, असं मात्र समजू नका. ख्रिस्ती कायद्यानं मुलीला मुलाइतका वाटा असला तरी तलाठ्यापुढं नावं सांगणारे भाऊच असत.

माझ्या पणजोबांची मुंबईत चाळीत खोली होती, म्हणून त्यांचं प्रकरण उच्च न्यायालयात निघालं, १९३४ चं. वारसांच्या यादीत पहिलंच नाव थोरलीचं. वय २२, अविवाहित. आणि पुढं इंग्रजीत चार शब्द, ज्यांचा अर्थ 'मन ठिकाणावर नसलेली, मुक्काम ठाणे'. मृत्युपत्रात तिच्या खर्चासाठी महिना सहा रुपये बाजूला ठेवायला सांगितलं होतं.

ठाणे

मराठीत 'याला ठाण्याला पाठवा' म्हटलं की कुणी पत्ता विचारत नाही. पुण्याकडं तेच येरवडा. मुंबईचं जुनं वेड्यांचं इस्पितळ कुलाब्याला होतं. १९०१ साली ठाण्याला नरोत्तमदास माधवदास यांच्या नावानं नवं उभं राहिलं. रत्नागिरी, येरवडा आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेलं धारवाड इथंही अशी इस्पितळं होती. माणूस कुठं ठेवला असेल हे ठरवताना राहत्या जिल्ह्याबरोबर सालही बघा.

इथं पायऱ्या उलट्या क्रमानं चढाव्या लागतात. थेट केस-पेपर मागायला जाऊ नका. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बांधलेली आहे, आणि ते योग्यच आहे. तुम्ही वारस असल्याचे कागद जोडून लेखी अर्ज करा, उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर बाहेरून वेढा घाला.

पहिला वेढा वार्षिक अहवालांचा. मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं फुकट वाचायला ठेवले आहेत. त्यांत तुमच्या माणसाचं नाव बहुधा नसेल. पण त्या वर्षी किती बायका दाखल झाल्या, धर्म, धंदा, किती मेल्या, वेडाची कारणं काय लिहिली, यांचे तक्ते आहेत. कारणांच्या रकान्यात गांजा, ताप, बाळंतपण, फेफरं असे शब्द भेटतात. आज ज्याला आपण गोळ्या देऊन घरी ठेवतो, ते तेव्हा तिथं पोचत होतं. वाचताना 'वेडी' या शब्दाचा अर्थ आपल्या डोक्यातून काढून त्या तक्त्याचा अर्थ घ्यायचा. पुढं या इस्पितळांचं सरकारी नावही बदललं, म्हणून जुनं आणि नवं दोन्ही नावं घालून शोधा.

दुसरा वेढा दाखल करणाऱ्यांचा. १८५८ साली तीन कायदे झाले. त्यांतले दोन कायदे श्रीमंत वेड्यांच्या मालमत्तेचे, एक इस्पितळांचा. घरी मालमत्ता असेल तर पालक नेमायचा अर्ज कोर्टात गेलेला असतो, आणि त्यात आजार कधी सुरू झाला याची घरच्यांच्या तोंडची हकिकत सापडते. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीस न्यायचे, त्याचे कागद पोलीस आणि दंडाधिकाऱ्याकडं. १९१२ च्या कायद्यानुसार नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले लागत. अर्ज कुणी केला, हा या कागदातला सर्वांत बोलका रकाना. सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईतलं महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथं खात्यानुसार आणि वर्षानुसार मागणी करावी लागते. 'माझी आजी शोधायची आहे' म्हणून उपयोग नाही.

तिसरा वेढा पुन्हा चर्चचा, आणि हा सहसा कुणाला सुचत नाही. इस्पितळात मेलेल्या ख्रिस्ती रुग्णाला गावी नेत नसतील तर दफन कुठं? इस्पितळाच्या जवळच्या धर्मग्रामात. म्हणजे गावची वही बंद करून तिथली मृत्यूची वही मागायची.

गोव्याकडचं वेगळं

गोमंतकीय घराण्यांना जुन्या चर्चवह्यांचा मोठा साठा पणजीच्या पुराभिलेखागारात मिळतो. त्या संस्थेचं मूळ १५९५ सालचं, दियोगु दु कौतु हा तिचा पहिला प्रमुख. पण गोव्याचा खरा खजिना म्हणजे इन्व्हेंतार. पोर्तुगीज नागरी कायद्यात नवरा-बायकोचं अर्धं-अर्धं आणि मुलांचा हक्काचा वाटा ठरलेला. वारसांत कुणी अल्पवयीन असला की कोर्टात मालमत्तेची यादी व्हायचीच, तीच ही इन्व्हेंतार. त्या यादीत माडांची संख्या, शेताच्या चारही सीमा, देव्हाऱ्याचं लाकूड, तांब्याची भांडी असं सगळं येतं, आणि वारसांत आफ्रिकेत गेलेले भाऊही येतात. हिंदू घराण्यांचेही इन्व्हेंतार आहेत. पोर्तुगीज वाचता येत नसेल तर म्हातारा नोटरी-कारकून शोधा. त्यांचं अक्षरज्ञान कुठल्याही ॲपपेक्षा बरं.

वहीचं उजवं पान

ठाण्याच्या त्या धर्मग्रामात मी १९३४ पासून पुढं वाचत गेलो. नोंद १९५८ ला आली. नाव बरोबर, आडनावात एक अक्षर कमी, बापाचं नाव बरोबर, वय ४६, अविवाहित. १९१२ मध्ये ४६ मिळवले की १९५८. वसईच्या बाप्तिस्म्याशी ताळा बसला. केस-पेपर माझ्या हाती आजही आलेला नाही. अर्ज आहे.

मी फोनमधला फोटो घेऊन आत्याकडं गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिनं चष्मा लावून नोंद वाचली, वर्ष परत विचारलं.

"अठ्ठावन्न म्हणजे मी तेरा वर्षांची," ती म्हणाली. "तोवर आई दर महिन्याला एक दिवस ठाण्याला जायची. केळी आणि सुकेळी घेऊन. वसईहून दादर, दादरहून ठाणं. विचारलं की म्हणायची, बाजाराला जाते." मग थोडा वेळ गप्प राहून, "बाजार तर आमच्या दारात भरायचा रे."